परदेशी क्रूझवर पैसे कसे सांभाळायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रूझचं बुकिंग झालं की घरात पहिली चर्चा सुरू होते ती डॉलरच्या भावाची. आत्ता घ्यावेत की आठवडाभर थांबावं? त्या चर्चेत जीव अडकवू नका. भाव दहा-वीस पैशांनी इकडेतिकडे झाला, तर एका कुटुंबाच्या खर्चात काही शे रुपयांचा फरक पडतो. हजारो रुपये जातात ते वेगळ्याच वाटेनं: तुमचा रुपया दुकानदाराच्या हातात पडेपर्यंत किती वेळा बदलला गेला, आणि प्रत्येक वेळी तो कोणी बदलून दिला. खालची बहुतेक उत्तरं या दोन प्रश्नांभोवतीच फिरतात.

जहाजावर कोणतं चलन चालतं?

जहाज कुठून निघतं यापेक्षा कंपनी कोणती, यावर ते जास्त अवलंबून असतं. रॉयल कॅरिबियन, नॉर्वेजियन, कार्निव्हल यांसारख्या अमेरिकी कंपन्यांचा हिशेब बहुतेक मार्गांवर अमेरिकी डॉलरमध्ये असतो, मग जहाज सिंगापूरहून सुटो की बार्सिलोनाहून. एमएससी आणि कोस्टा भूमध्य समुद्रात युरोत बिल करतात. ब्रिटनच्या पी अँड ओचा हिशेब पौंडात असतो. बुकिंगच्या कागदांवर ‘ऑनबोर्ड करन्सी’ अशी नोंद असते. पैसे बदलायला जाण्याआधी ती ओळ वाचा, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर आहेत.

जहाजावर रोख लागते का?

जवळजवळ नाही. चेक-इन करताना प्रत्येकाला एक कार्ड किंवा मनगटात घालायचा पट्टा मिळतो. खोलीची चावीही तीच आणि पाकीटही तेच. कॉफी घ्या, फोटो घ्या, दुकानातून टोपी घ्या, सगळं खोलीच्या खात्यावर लिहिलं जातं आणि शेवटी एकदम वसूल होतं. नोट हातातून जात नाही, त्यामुळे खर्च जाणवत नाही. मुलांच्या कार्डावर खरेदीची परवानगी आपोआप असू शकते. पहिल्याच दिवशी गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जाऊन ती बंद करून घ्या किंवा मर्यादा घालून घ्या. व्हिडिओ गेमच्या खोलीत दहा वर्षांचं पोर एका दुपारी किती खर्च करू शकतं, याचा अंदाज आपल्याला नसतो.

खोलीच्या खात्याला कोणतं कार्ड जोडावं?

क्रेडिट कार्ड. डेबिट कार्ड शक्यतो नकोच. जहाज तुमच्या कार्डावर आधी काही रक्कम अडवून ठेवतं आणि खर्च वाढेल तशी ती वाढवत नेतं. क्रेडिट कार्डावर त्यामुळे फक्त मर्यादा कमी होते. डेबिट कार्डावर मात्र खात्यातले खरे पैसे अडकतात आणि घरी परतल्यावरही ते सुटायला काही दिवस लागू शकतात. फॉरेक्स कार्ड, म्हणजे परकीय चलन आधीच भरून ठेवायचं कार्ड, प्रीपेड असल्यामुळे नोंदणीच्या वेळी नाकारलं जाऊ शकतं. क्रेडिट कार्ड नसेल तर काउंटरवर रोख अनामत भरून खातं उघडता येतं. उरलेली अनामत शेवटी परत मिळते.

निघण्याआधी बँकेच्या अॅपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर चालू करा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवीन कार्डं फक्त देशांतर्गत वापरासाठी सुरू होऊन येतात. ‘कार्ड चालत नाही’ अशा परदेशातल्या तक्रारींमागे पुष्कळदा हे एवढंच कारण असतं. मर्यादाही बघा. तीस हजारांची मर्यादा ठेवून चार जणांचं आठवड्याचं बिल भागणार नाही.

क्रेडिट कार्ड, फॉरेक्स कार्ड आणि रोख यांत सगळ्यात स्वस्त काय?

नेहमीच्या क्रेडिट कार्डावर परकीय चलनाच्या व्यवहाराला साधारण ३.५ टक्के मार्कअप, म्हणजे बँकेचं जादा शुल्क, लागतो आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे एक लाखाच्या खर्चावर ३,५०० अधिक ६३०, मिळून ४,१३० रुपये. शून्य मार्कअपची कार्डंही मिळतात. वर्षातून एकदा जरी परदेशी जात असाल तरी असं एखादं कार्ड घरात असावं असं माझं स्पष्ट मत आहे.

फॉरेक्स कार्डावर वेगळा मार्कअप दिसत नाही, तो भरतानाच्या दरात मिसळलेला असतो. म्हणून ‘कमिशन शून्य’ या पाटीवर जाऊ नका. त्याच क्षणाचा बाजारातला दर मोबाइलवर काढा, समोरच्यानं सांगितलेला दर त्याच्या शेजारी ठेवा आणि दोन-तीन ठिकाणी विचारा. चलन बदलण्यावर जीएसटी असतो, पण तो पूर्ण रकमेवर नसतो. एक लाखाचं चलन घेतलं तर तो १८० रुपये होतो. खरं नुकसान दरातल्या फरकात आहे.

माझी वाटणी अशी असते: जहाजाचं बिल शून्य मार्कअपच्या क्रेडिट कार्डावर, बंदरातली खरेदी फॉरेक्स कार्डावर आणि रिक्षा, चहा, स्वच्छतागृह, बाजार यांसाठी थोडी रोख. दुसरं क्रेडिट कार्ड खोलीच्या तिजोरीत. ते खाली उतरताना बरोबर न्यायचं नाही.

फॉरेक्स कार्डात सगळे डॉलरच भरले तर?

इथेच रुपया दोनदा बदलतो. कार्डात डॉलर आहेत आणि तुम्ही नेपल्समध्ये युरोचं बिल भरलंत, तर रुपयाचे डॉलर करताना एकदा कापलं गेलं आणि डॉलरचे युरो करताना पुन्हा. या दुसऱ्या बदलाला क्रॉस-करन्सी शुल्क म्हणतात आणि अनेक कार्डांवर ते तीन-साडेतीन टक्के असतं. युरोपच्या सफरीला कार्डात युरोच भरा, जहाजाचं बिल डॉलरमध्ये असलं तरी. जहाजाचं बिल क्रेडिट कार्डाकडे आहे.

दुकानात विचारतात, ‘रुपयांत बिल करू का?’ काय सांगावं?

नाही म्हणा. दर वेळी.

हे कसं घडतं ते नीट सांगते, कारण एवढ्या एका प्रश्नात माणसं सगळ्यात जास्त पैसे गमावतात. बार्सिलोनातल्या एखाद्या दुकानात ६० युरोचं बिल झालं. तुम्ही कार्ड लावता. मशीन कार्ड भारतीय आहे हे ओळखतं आणि पडद्यावर दोन रकमा येतात: वर युरो, खाली रुपये. रुपयांचा आकडा ओळखीचा असतो आणि त्याचं बटण पुष्कळदा हिरवं असतं. आपलं बोट आपसूक तिकडे जातं. ते दाबलं की चलन बदलण्याचं काम तुमच्या बँकेकडून निघून दुकानाच्या पेमेंट कंपनीकडे जातं आणि ती आपला दर लावते. तो कित्येकदा चार-पाच टक्क्यांनी, कधी त्याहूनही जास्त महाग असतो. वर काही बँका परदेशात रुपयांत केलेल्या व्यवहारावरही शुल्क लावतात, तो फटका वेगळा.

कधीकधी दुकानदार तुम्हाला न विचारता स्वतःच रुपये निवडून मशीन पुढे करतो. पिन टाकण्याआधी पडद्यावर कोणतं चलन आहे ते बघा. रुपये दिसले तर व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा, त्यात संकोच कसला? एटीएमवरही हाच प्रश्न ‘विथ कन्व्हर्जन’ आणि ‘विदाउट कन्व्हर्जन’ अशा शब्दांत येतो, तिथे ‘विदाउट’ निवडा. काही जहाज कंपन्या तर खात्याच्या नोंदणीच्या वेळीच बारीक अक्षरांत ही संमती घेऊन टाकतात. चेक-इनच्या काउंटरवर विचारा: बिल जहाजाच्या चलनात होणार की माझ्या कार्डाच्या?

सिंगापूर, पेनांग, फुकेत या सफरीला काय काय न्यावं?

चार-पाच दिवसांच्या या मार्गावर चलनांची संख्या बघा: सिंगापुरात सिंगापूर डॉलर, पेनांगला रिंगिट, फुकेतला बाहत आणि जहाज अमेरिकी कंपनीचं असेल तर जहाजावर अमेरिकी डॉलर. चारही चलनं भारतातून नेण्याचा हट्ट धरू नका. सिंगापूर डॉलर इथून घ्या, कारण जहाजाच्या आधी किंवा नंतर एक-दोन रात्री तिथे जातात. सिंगापुरातली मेट्रो आणि बस संपर्करहित व्हिसा किंवा मास्टरकार्डवर चालतात, वेगळं तिकीट काढावं लागत नाही. लिटल इंडियातलं मुस्तफा सेंटर आणि रॅफल्स प्लेसजवळचं ‘द आर्केड’ ही दोन ठिकाणं मनी चेंजरसाठी प्रसिद्ध आहेत. एका दिवसापुरते रिंगिट आणि बाहत तिथेच घेतले तर जहाजावरच्या काउंटरपेक्षा चांगला भाव मिळतो.

पेनांगला जहाज जॉर्जटाउनच्या स्वेटनहॅम पिअरला लागतं आणि जुनं शहर पायी फिरण्याजोगं आहे. खाण्याच्या गाड्यांवर रोख रिंगिट लागतात. लांब जायचं असेल तर ग्रॅब अॅप वापरा. त्यात कार्ड जोडलं की तेच अॅप सिंगापूर, मलेशिया आणि थायलंड तिन्हीकडे चालतं.

फुकेतला बरीच जहाजं पाटोंगच्या उपसागरात नांगर टाकतात आणि छोट्या बोटीतून किनाऱ्यावर सोडतात. उतरल्याउतरल्या टुकटुकवाले गाठतात. भाडं आधी ठरवा, बाहतमध्ये ठरवा आणि सुटे द्या. डॉलर दाखवलेत की भाव त्यांच्या मर्जीचा. थायलंडच्या एटीएममधून परदेशी कार्डावर पैसे काढले की तिथली बँक प्रत्येक वेळी दोनशे बाहतच्या वर शुल्क घेते, म्हणून पाचशे-हजार बाहतसाठी एटीएमकडे वळू नका.

अमेरिकी डॉलरच्या नोटा नेणार असाल तर कोऱ्या, न दुमडलेल्या आणि नव्या छपाईच्या मागून घ्या. आग्नेय आशियातले चेंजर पेनाची रेघ असलेली, फाटलेली किंवा जुन्या, लहान चेहऱ्याची नोट नाकारतात किंवा कमी भावानं घेतात. इथे चलन देणाऱ्यासमोरच एकेक नोट उजेडात धरून बघा.

भूमध्य समुद्रात सगळीकडे युरो चालतो ना?

नेहमीच्या मार्गावर हो. बार्सिलोना, मार्सेय, जेनोआ, चिविताव्हेक्किया, नेपल्स, माल्टातलं व्हॅलेटा, ग्रीक बेटं, सगळीकडे युरो. क्रोएशियानं १ जानेवारी २०२३ पासून युरो घेतला, त्यामुळे दुब्रोव्हनिकसाठी आता कुना शोधू नका. माँटेनेग्रो युरोपीय संघात नाही, तरी कोटोरमध्ये युरोच वापरात आहे. अपवाद दोन लक्षात ठेवा. तुर्कस्तानात लिरा आहे, पण कुशादासीच्या बाजारात दुकानदार युरो घेतात. ट्युनिशियाचा दिनार देशाबाहेर नेता येत नाही, म्हणून तिथे लागेल तेवढाच बदला.

रोख युरो घेताना १०, २० आणि ५० च्या नोटा मागा. २०० ची नोट छोट्या दुकानात घेत नाहीत आणि ५०० च्या नव्या नोटा देणं २०१९ मध्येच बंद झालं. जहाजावरून पहिल्यांदा उतरलात की पाणी किंवा कॉफी रोख घेऊन मोड करून ठेवा. सार्वजनिक स्वच्छतागृहाला ५० सेंट ते १ युरो लागतो आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर ती नाणी दिवसभर उपयोगी पडतात. इटलीत २०२२ पासून कार्ड नाकारणाऱ्या दुकानदाराला दंड आहे, त्यामुळे खिसा नोटांनी भरून फिरायचं कारण नाही. बार्सिलोनाच्या ला रांब्लावर आणि रोमच्या गर्दीच्या बसमध्ये पाकीट मागच्या खिशात ठेवू नका. त्या दिवसापुरती रोख आणि एकच कार्ड बरोबर घ्या.

नॉर्वेच्या फ्योर्डला जाणार असाल तर क्रोन नेले नाहीत तरी चालेल. तिथे जवळपास सगळं कार्डावर होतं.

यूपीआय आणि रुपे चालेल का?

जहाजावर यूपीआय धरून चालू नका. जमिनीवर सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती, मॉरिशस, श्रीलंका अशा देशांत काही दुकानांत चालतं. पॅरिसच्या आयफेल टॉवरवर २०२४ मध्ये सुरू झालं. त्यासाठी अॅपमध्ये आंतरराष्ट्रीय यूपीआय आधी चालू करावं लागतं. रुपेचं आंतरराष्ट्रीय कार्ड डिस्कव्हर आणि डायनर्सच्या जाळ्यावर चालतं, पण जोडीला व्हिसा किंवा मास्टरकार्ड हवंच.

टिप वेगळी द्यावी लागते का?

बहुतेक कंपन्या रोजची ग्रॅच्युइटी, म्हणजे कर्मचाऱ्यांची टिप, खात्यावर आपोआप लावतात. मोठ्या अमेरिकी कंपन्यांवर साध्या खोलीला माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर. पुष्कळ ठिकाणी मुलंही त्यात मोजली जातात. १८ डॉलर धरले तर चौघांचे सात दिवसांचे ५०४ डॉलर होतात. पॅकेजची किंमत बघून हरखलेल्या कुटुंबाला शेवटी धक्का बसतो तो याच आकड्याचा. बुकिंगच्या वेळीच ती भरता येते का विचारा. पेयं आणि स्पाच्या बिलावर आणखी १८ ते २० टक्के सेवाशुल्क आधीच लागलेलं असतं, तरी पावतीवर टिपची रिकामी जागा असते. ती रिकामी सोडली तर चालतं.

यात एक गोष्ट मला मनापासून सांगावीशी वाटते. ही माणसं, त्यांत गोवा आणि मुंबईतलीही पुष्कळ, महिनोन्‌महिने घरापासून लांब राबत असतात. आपोआप लागलेली टिप काउंटरवर जाऊन काढून टाकता येते, असा सल्ला अनेक जण देतात. तो ऐकू नका. आणि तुमची खोली लावणाऱ्यानं आईची खास काळजी घेतली असेल, तर पाच-दहा डॉलर त्याच्या हातात वेगळे ठेवा.

समुद्रात ओटीपी कसा येणार?

भर समुद्रात मोबाइल जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला जोडला जातो आणि त्याचे दर साध्या रोमिंग पॅकमध्ये बहुधा नसतात. जहाज सुटताच फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि वायफाय तेवढं चालू ठेवा. ज्या कामांना ओटीपी लागतो ती कामं, म्हणजे फॉरेक्स कार्डात भर घालणं, मर्यादा वाढवणं, अॅपमध्ये कार्ड जोडणं, घरून निघण्याआधी किंवा बंदरात उरकून घ्या. भारतातल्या कोणातरी विश्वासू माणसाला बँकेचा मदत क्रमांक देऊन ठेवा. ओटीपी मात्र कोणालाही सांगायचा नाही, घरच्यांनाही नाही.

टीसीएस किती कापतील?

एजंटकडून विमान, हॉटेल, क्रूझ असं एकत्र पॅकेज घेतलं तर पहिल्या रुपयापासून टीसीएस, म्हणजे पैसे घेतानाच आगाऊ कापला जाणारा आयकर, लागतो. त्याचे दर अर्थसंकल्पात बदलतात, म्हणून पैसे भरण्याच्या दिवशीचा दर लेखी घ्या. स्वतः फॉरेक्स घेतलंत तर १ एप्रिल २०२५ पासून आर्थिक वर्षात दहा लाखांपर्यंत टीसीएस नाही. परदेशात असताना क्रेडिट कार्डावर केलेला खर्च या मोजणीत धरला जात नाही, डेबिट आणि फॉरेक्स कार्डावरचा धरला जातो. टीसीएस म्हणजे बुडालेले पैसे नव्हेत. ते आयकर खात्यातल्या तुमच्या नोंदीत दिसतात आणि विवरणपत्र भरताना वळते करून घेता येतात. ज्याच्या पॅनवर कापले त्यालाच मिळतात, हे मात्र बघा. आजोबांचं उत्पन्न करपात्र नसलं तरी त्यांच्या पॅनवर टीसीएस कापला गेला असेल, तर परतावा मिळवण्यासाठी त्यांना विवरणपत्र भरावंच लागेल.

किती रोख नेता येते?

परकीय नोटा एका प्रवासात माणशी ३,००० डॉलरच्या किमतीपर्यंत, बाकी कार्डात. भारतीय रुपये २५,००० पर्यंत. चलन विकत घेताना ५०,००० रुपयांच्या वरची रक्कम बँकेतून द्यावी लागते. युरोपीय संघात १०,००० युरो किंवा त्याहून जास्त रोख नेताना घोषणा करावी लागते, पण एवढी रोख न्यायचं काहीच कारण नाही.

मुलगा अमेरिकेत आहे, आम्ही त्याच्याबरोबर अलास्का क्रूझला जातोय. आमचं काय?

आई-बाबांची खोली वेगळी असली तरी त्यांचं खातं मुलाच्या कार्डाला जोडता येतं, तसं चेक-इनलाच सांगा. तरीही आई-बाबांजवळ स्वतःचं एक चालू असलेलं कार्ड आणि शंभर-दोनशे डॉलर सुटे असावेत. अलास्कातल्या केचिकन बंदराच्या बाजारात नातवाला काही घ्यायचं तर मुलाला हाक मारावी लागू नये.

जहाजावर डॉक्टरकडे जावं लागलं तर?

तपासणी आणि औषधांचं बिल खोलीच्या खात्यावर येतं आणि ते घसघशीत असतं. प्रवास विमा असला तरी तिथे बहुधा आधी तुम्हीच भरता आणि परतल्यावर दावा करता. म्हणून क्रेडिट कार्डाची मर्यादा मोकळी ठेवा. तपशीलवार बिल, डॉक्टरचा अहवाल आणि भरल्याची पावती घेतल्याशिवाय जहाज सोडू नका.

खरेदीवरचा कर परत मिळतो का?

युरोपात मिळतो, पण वस्तू घेऊन तुम्ही युरोपीय संघातून शेवटचं बाहेर पडता तिथे शिक्का घ्यायचा असतो. बार्सिलोनाहून विमानानं परतणार असाल तर इटलीतल्या पावत्यांवरही बार्सिलोनाच्या विमानतळावरच. किमान खरेदी स्पेनमध्ये नाही, इटलीत २०२४ पासून ७० युरोच्या वर, फ्रान्समध्ये १०० युरोच्या वर. सिंगापुरात जीएसटी ९ टक्के आहे आणि १०० सिंगापूर डॉलरच्या खरेदीपासून परतावा मिळतो. मात्र तिथूनच निघून तिथेच परतणाऱ्या क्रूझच्या टर्मिनलवर तो मिळत नाही. घरी येताना चांगी विमानतळावर घ्या आणि वस्तू तोवर जवळ ठेवा.

शेवटच्या रात्री काय बघावं?

बिल शेवटच्या रात्री नको, रोज बघा. खोलीतल्या टीव्हीवर किंवा कंपनीच्या अॅपमध्ये ते दिसतं. न घेतलेलं पेय, दोनदा लागलेला फोटो, न उघडलेली मिनीबारची बाटली, अशी चूक त्याच दिवशी दाखवली तर दोन मिनिटांत निघते. शेवटच्या रात्री काउंटरसमोर लांब रांग असते आणि सकाळी उतरण्याची घाई. बुकिंगबरोबर मिळालेलं ऑनबोर्ड क्रेडिट, म्हणजे जहाजावरच खर्चायची रक्कम, उरलं असेल तर ते आधी संपवा, कारण पुष्कळदा त्याचे पैसे परत मिळत नाहीत.

उरलेल्या चलनाचं काय करायचं?

शेवटच्या बंदरातल्या सुट्या नोटा जहाजावरच्या काउंटरवर खात्यात भरता येतात का विचारा. घरी आणलेलं चलन १८० दिवसांच्या आत बँकेत किंवा अधिकृत चेंजरकडे परत करायचं असतं. २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा जवळ ठेवता येतात. पुढच्या वर्षी पुन्हा युरोपला जायचं असेल तर थोडे युरो ठेवून द्या, विकून पुन्हा घेण्यात दोनदा कापलं जातं. रिंगिट आणि बाहत मात्र परतताना सिंगापुरातच मोडा. नाणी चेंजर घेत नाहीत, ती चांगीवर पाणी-बिस्किटांत संपवून टाका.